आठव्या भागातली माफी

माझ्या मुलीनं लिहिलेली मालिका मला आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी 'आईचं मन' वगैरे सुरू करायला नको. लोकांना आवडली, तिला बक्षिसं मिळाली, पेपरात 'संयत' आणि 'अस्वस्थ करणारी' असे शब्द छापून आले. अस्वस्थ तर मीही झाले, पण त्याचं मला कोणी बक्षीस दिलं नाही.

एकूण आठ भाग. आमच्या टीव्हीवर ते दिसायची सगळी जोडणी तिनंच मागच्या दिवाळीत करून दिली होती. जाताना बापाला एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात माझं एक काम येणार आहे, पाहजा बाबा." मला काही बोलली नाही. मला वाटलं, असेल काहीतरी सासू-सुनेचं.

पहिल्या भागात अर्धा तास काही दिसलंच नाही. घरात दिवे आहेत, भिंतीवर बटणं आहेत, पण लावायचे नाहीत. बाई अंधारात भाजी निवडते, पोरगी अंधारात अभ्यास करते, आणि मग तिला मार्क कमी पडले म्हणून आपण हळहळायचं! आमच्या यांनी दोनदा उठून टीव्हीची बटणं दाबून पाहिली.

"बिघडला काय व हा?"

"बिघडला नाई," मी म्हटलं. "भारी मालिका अशीच असते. जितकं कमी दिसन तितकी भारी."

बोलणंही तसंच. कोणी काही विचारलं की दुसरा माणूस आधी खिडकीबाहेर बघणार, मग पाण्याचा ग्लास उचलणार, मग ठेवणार, आणि मग म्हणणार, "माहीत नाही." अरे, माहीत नाही तर लवकर सांग ना बाबा! मी छत्तीस वर्षं गणित शिकवलं. माझ्या वर्गात उत्तर द्यायला एवढा वेळ लावला असता तर बाकावर उभं केलं असतं. आणि त्यांची ती वऱ्हाडी! मले-तुले तेवढं पेरायचं आणि बाकीचं वाक्य सगळं पुण्याचं. आमचे हे मात्र शांतपणे पाहत होते. यांना काहीही शांतपणे पाहता येतं, जन्मभर कारकुनी केली आहे.

मालिकेतली आई सरकारी दवाखान्यात नर्स आहे. कडक. सदानकदा ओरडणारी, पोरीच्या केसाच्या वेणीपासून वहीच्या कव्हरापर्यंत सगळ्यात चूक काढणारी. दुसऱ्या भागात मी म्हटलं, काय बाई आहे ही! तिसऱ्या भागात ती पोरीला म्हणाली, "रडणं झालं असेल तर तोंड धू आणि पुस्तक घे." मी यांच्याकडे पाहिलं. हे टीव्हीकडेच पाहत होते. ते वाक्य माझं होतं. चौथ्या आणि पाचव्या भागात माझी आणखी सहा-सात वाक्यं निघाली, जशीच्या तशी. मी बोटांवर मोजत बसले.

आणि सहाव्या भागात तो डबा आला.

ज्यांच्याकडे भुलाबाई बसत नाही त्यांना सांगायला हवं. आमच्याकडे भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरी संध्याकाळी एकमेकींच्या घरी जमतात. भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात आणि शेवटी खाऊ ओळखतात. खाऊ बंद डब्यात असतो. ज्या घरची भुलाबाई, त्या घरची पोरगी डबा वाजवून दाखवते आणि बाकीच्या आवाजावरून सांगतात. शेंगदाणे? फुटाणे? खोबरं? ज्या घरचा खाऊ ओळखू आला नाही त्या घराचा मान मोठा. त्यासाठी आया दिवसभर डोकं चालवतात.

मालिकेत ती नर्स त्या डब्यात पोरीचा गणिताचा पेपर फाडून टाकते. पोरगी डबा वाजवते. पोरी सांगत सुटतात, चिवडा, पोहे, मुरमुरे. हरतात. पोरगी मोठ्या ऐटीत झाकण उघडते आणि आतून लाल शाईचे तुकडे निघतात. कॅमेरा त्या पोरीच्या तोंडावर किती वेळ थांबला असेल, देव जाणे.

मी रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला. यांना म्हटलं, "खोटं आहे हे सगळं. काहीच्या काही लिहून राह्यली." हे उठून अंगणात गेले.

पुढचे दोन भाग मी पाहिले नाहीत. पण कॉलनीनं पाहिले. समोरच्या वहिनींचं सासर अल्लीपूरचं, घरी शेती, नवरा इथे वर्ध्यात बँकेत. कोपऱ्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात, त्यांना सगळे सर म्हणतात, आणि जगातल्या सगळ्या मालिका त्यांनी पाहिलेल्या असतात. ही दोघं रोज चार वाजता आमच्या अंगणात चहाला येतात आणि माझ्याच साखरेवर भांडतात.

"मले त भल्ला कंटाळा आला मॅडम," वहिनी म्हणाल्या. "तुमची पोरगी आहे म्हणून पाह्यली. नाईतर पहिल्याच दिवशी बंद केली असती."

"हे पाहायला सवय लागते," सर म्हणाले. "तुम्हाला ते भडक पाहायची सवय. इथं न बोललेलं ऐकावं लागते."

"न बोललेलं कसं ऐकाव जी? उगीच काहीतरी."

"तो डब्याचा प्रसंग बघा. मी सांगतो, असा प्रसंग गेल्या कित्येक वर्षांत झाला नाही. सगळी आई त्या एका डब्यात आली."

वहिनींनी कप खाली ठेवला. "तेच त मले पटलं नाई. भुलाबाईच्या डब्यात? देवाचं असते ते! अशी माय रायते का कुठी? मॅडम, तुमीच सांगा."

दोघंही माझ्याकडे पाहू लागले. माझ्या हातात गाळणी होती.

"नसतेच," मी म्हटलं. "कोणती माय असं करन? मुंबईत बसलं की काहीही सुचते. लोकायले धक्का बसला पाहिजे, बस."

बोलून गेले. आपल्याच पोरीला चारचौघांत खोटं ठरवलं आणि वरून साखर हलवत राहिले. त्यांना शंका यायचं कारण नव्हतं. पोरीनं मला नर्स करून टाकलं होतं आणि कॉलनीत माझा दरारा आहे तसाच मानही आहे. पण मी तिच्यावर चिडले होते, चांगलीच चिडले होते. म्हातारपणी उठून आईला अशी चव्हाट्यावर मांडायची! दुसऱ्या दिवशी फोन लावला.

"माझी बदनामी करून बक्षीस घेते का तू?"

"त्यात तुझं नाव आहे का कुठी?"

"नाव नसलं म्हणून काय झालं? मी काय राक्षसीण होती? इतकं केलं तुझ्यासाठी, आणि तुले तेवढंच आठवलं?"

ती म्हणाली, "तसं झालं नव्हतं असं म्हण ना आई. एकदा म्हण."

मी फोन ठेवला. त्यानंतर पाच महिने आम्ही बोललो नाही. ती बापाच्या मोबाइलवर फोन करायची, आणि मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवायची.

आता काय झालं होतं ते सांगते, इतकं बोललेच आहे तर.

तेव्हा आम्ही नाचणगावला भाड्याच्या घरात राहत होतो. ती सातवीत, माझ्याच शाळेत, फक्त तिच्या वर्गाला गणित दुसरे मास्तर शिकवायचे. त्या दिवशी आमच्याकडे भुलाबाई होती. मी रजा टाकून तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या वड्या केल्या होत्या, अशा पातळ की डब्यात आवाजच होऊ नये. दुपारी गादी उन्हात टाकायला उचलली तर खाली घडी करून ठेवलेला पेपर. गणित. शंभरातले एकोणीस. खाली पालकाची सही, माझी, तिनं केलेली.

माझं डोकंच फिरलं. मी गणिताची मास्तरीण, आणि माझ्या पोरीला एकोणीस! बाकीच्या मास्तरांनी तो पेपर पाहिला असणार, मला कोणी बोललं नव्हतं, म्हणजे माझ्या मागे हसले असणार. मला तिचं काही वाटलं नाही त्या वेळी. खरं सांगते, फक्त माझंच वाटलं. मी वड्या ताटात काढल्या, पेपर फाडला आणि डब्यात भरला.

संध्याकाळी पोरी आल्या. गाणी झाली. तिनं डबा वाजवला. काय आनंद होता तिच्या तोंडावर! कोणालाच ओळखता येत नव्हतं. उघडल्यावर एका पोरीनं एक तुकडा उचलून मोठ्यानं वाचलं, "एकोणीस!" सगळ्या हसल्या. मीपण हसले. मग मी वड्यांचं ताट आणलं आणि सगळ्यांना वाढलं, कोणी उपाशी जाऊ नये म्हणून. पुढे कितीतरी वर्षं मी ही गोष्ट स्टाफरूममध्ये मजेनं सांगत असे. पोरगी कशी सरळ केली म्हणून. पुढच्या परीक्षेत तिला एक्क्याऐंशी पडले, तेही सांगत असे.

दिवाळीच्या आधी बातमी आली की ती दोन दिवसांसाठी येते आहे. सरांनी तिचा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ, आमच्याच बैठकीत, कॉलनीतली वीसेक माणसं. हे सकाळी माझ्याजवळ येऊन बसले. हे सहसा असे येऊन बसत नाहीत.

"एक सांगू का?"

"सांगा ना."

"आता जर तू तोंड फुगवून बसली, त ही पोरगी पुन्हा या घरात पाय ठेवत नाई. माह्यासाठी येते ती. मी किती दिवसाचा?"

"काहीही बोलू नका."

"तू शेवटचे दोन भाग पाह्यले नाई. पाहून घे."

ती यायच्या आदल्या दुपारी मी एकटीनं ते दोन भाग पाहिले. आठव्या भागात ती नर्स म्हातारी झाली आहे. पोरगी शहरातून येते. आणि बाई तिचा हात धरते, डब्याचं सगळं बोलून दाखवते आणि माफी मागते. चांगली दहा मिनिटं. पाठीमागे सारंगीसारखं काहीतरी वाजत असतं, पोरगी तिच्या मांडीवर डोकं ठेवते, आणि त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी दिवा लावतं.

मी खूप रडले. पदर ओला झाला. मला वाटलं, पोरीनं माफ केलं मला, सगळ्या देशासमोर केलं. वरून माफी मागायचं काम माझ्या वतीनं तिनंच उरकून टाकलं. सुटले बाई एकदाची! आता मला काही बोलायचीच गरज नव्हती. मी उठून तोंड धुतलं आणि चिवड्यासाठी पोहे उन्हात टाकले.

ती आली. बारीक झाली होती. पाया पडली आणि म्हणाली, "बरी आहे ना तब्येत?" शेजारणीला विचारावं तसं. मी मनात म्हटलं, असू दे, माफ तर केलेलंच आहे.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बैठक भरली. सरांनी शाल घातली, पंधरा मिनिटं बोलले, टाळ्या झाल्या. चिवडा आणि चहा फिरला, आणि मग लोक खरं बोलायला लागले. कोणी म्हणे फार हळू आहे, कोणी म्हणे आवाजच येत नाही. तिनं सगळं हसून ऐकलं.

"एक राग आहे माझा तुमच्यावर," सर तिला म्हणाले. "शेवट नाही पटला. सात भाग तुम्ही जी बाई उभी केली, ती आठव्यात रडून माफी मागत नाही. अशा बायका मी शाळेत जन्मभर पाहिल्या. शक्यच नाही."

"तुमाले काय समजते माय म्हणजे?" वहिनी उसळल्या. "तेवढं एकच त चांगलं होतं त्या मालिकेत! मी त ढसाढसा रडली."

"रडवायलाच ठेवला आहे तो. खोटा आहे."

"खोटा कसा?" मी मधे पडले. मला राहवलंच नाही. "सर, शेवटच त खरा आहे! बाकीचं एक वेळ खोटं म्हणा. माय शेवटी वितळतेच ना."

मी पोरीकडे पाहून हसलेसुद्धा. तिनं चिवड्याची ताटली बाजूला ठेवली.

"तो शेवट मी नाई लिहिला," ती म्हणाली.

"म्हणजे?" सर.

"वरच्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. लोकायले रडू आलं पाहिजे म्हणे. मी महिनाभर भांडली त्यांच्याशी. माह्या कागदात ती माफी मागत नव्हती."

"बघा!" सर म्हणाले. "मी काय म्हणत होतो!"

"मंग तुमच्या कागदात काय होतं?" वहिनींनी विचारलं.

"पुन्हा तीच डब्याची संध्याकाळ. सगळ्या पोरी घरी जातात. पोरगी तिथंच बसून तुकडे वेचून राह्यली असते. माय तो डबा घासते, पालथा घालते आणि विचारते, 'जेवाले वाढू का?' बस. तिथंच संपते."

ते असंच झालं होतं. शब्दसुद्धा तेच होते. आणि ती तुकडे वेचत होती हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, स्टाफरूममध्येही नाही. तेवढं मी गाळून सांगायची.

वहिनींनी नकारार्थी मान हलवली. मग म्हणाल्या, "नाई बाप्पा. हे त त्याच्याहून खोटं वाटते. इतकी दगड रायते का माय? लेकरू खाली बसून कागद वेचते, आन् हिनं डबा घासाव?"

"मलाही हे जरा अति वाटतं," सर म्हणाले. "माणूस इतका कोरडा नसतो. तुम्ही लिहिलेलं नाही घेतलं ते बरंच झालं म्हणायचं."

दोन-चार जणांनी माना डोलावल्या. कोणीतरी म्हणालं, लेखकाला वाटते तसं नसते ना. ती माझ्याकडे पाहतसुद्धा नव्हती. नवी शाल मांडीवर घडी करत होती, सावकाश, काठाला काठ लावून. मग हातावरचं घड्याळ पाहिलं आणि बापाला हळूच म्हणाली, "बाबा, आजच रातची गाडी भेटन का?" यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसू शकत होते. सगळ्यांनी मला आधीच निर्दोष सोडून दिलं होतं. वीस माणसं एकमतानं सांगत होती की अशी बाई नसतेच. पण त्या वीस माणसांत माझी पोरगी एकटी खोटी ठरत होती, आणि ती खरी होती.

"खोटं नाई ते," मी म्हटलं.

"काय मॅडम?"

"तसंच झालं होतं. हिनं लिहिलं तेच खरं आहे. नर्स-फर्स काही नाई, मास्तरीण होती ती. मी. एकोणीस मार्क होते, पेपर मी फाडला, मी डब्यात भरला, अन् पोरी हासल्या तवा मीपण हासली. मंग डबा घासला. माफी-बिफी काही मागतली नाई मी. सर, तुमचं बरोबर आहे, अशा बायका नाई मागत."

कोणाच्या हातातला चमचा बशीवर वाजला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. आमचे हे जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं, झालं, एवढं पुरे. एवढं बोलायलाच माझा जीव गेला होता.

पोरीनं आता माझ्याकडे पाहिलं.

"मंग?" ती म्हणाली.

पुढे काय बोलायचं ते मला माहीत होतं. टीव्हीतल्या बाईला दहा मिनिटं लागली होती, मला तीन शब्दही जमेनात. मी कपाच्या कानाकडे पाहत म्हटलं, "चुकलं माझं."

"ऐकू नाई आलं," ती म्हणाली. "मोठ्यानं म्हण."

मी कप खाली ठेवला, उठून उभी राहिले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं.